घोड्याचा जखडलेला सांधा आणि आपली सांधेदुखी

आपल्या नांदेड-लातूर भागाचे घोड्याशी नाते जुने आहे. लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा तिथला घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार पाहायला दूरदूरचे लोक येतात. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गुरू गोविंदसिंगजींच्या घोड्याच्या वंशातले मानले जाणारे घोडे आहेत आणि हल्लाबोलच्या मिरवणुकीत त्यांना मान असतो. टांगे आता जवळजवळ गेले, पण लग्नसराईत नवरदेवाला घोडा लागतोच, आणि त्या एका घोड्यावर एखाद्या कुटुंबाचे वर्ष निघते.

वाचकहो, मी माणसांचा डॉक्टर आहे, जनावरांचा नाही. तरीही आज या सदरात घोड्याच्या एका सांध्याविषयी लिहीत आहे, त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की घोडा लंगडू लागला की अनेक घोडेवाले पशुवैद्यकाकडे न जाता औषधाच्या दुकानात जातात, किंवा आमच्यासारख्यांच्या दवाखान्यात येतात. दुसरे असे, की या सांध्याच्या शस्त्रक्रियेमागचे तत्त्व समजले तर आपल्या घरातील संधिवाताच्या रुग्णाला डॉक्टर जे सांगतात तेही नीट समजते.

हा सांधा कोणता?

घोडा बाजूने उभा असताना त्याचा मागचा पाय पाहा. पायाच्या मध्यावर मागे टोक निघालेला एक मोठा सांधा दिसतो. बरेच जण त्याला घोड्याचा गुडघा समजतात. तो गुडघा नव्हे. घोड्याचा खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला असतो. हा मधला सांधा म्हणजे घोड्याचा घोटा, आणि मागे निघालेले टोक म्हणजे त्याची टाच. घोडा आयुष्यभर मधल्या एकाच बोटाच्या टोकावर उभा असतो, म्हणून त्याची टाच एवढी वर गेलेली दिसते. पशुवैद्यक या सांध्याला 'हॉक' म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

हॉक हा एक सांधा नाही, एकावर एक रचलेले चार सांधे आहेत. सर्वांत वरचा मोठा असून पाय दुमडण्याची आणि ताणण्याची जवळजवळ सगळी हालचाल त्यातच होते. खालच्या तिन्हीत चपट्या हाडांच्या चकत्या एकमेकींवर बसलेल्या असतात, त्या नावापुरत्या सरकतात. त्यांचे मुख्य काम हादरा झेलण्याचे.

या चकत्या आपल्याही पायात आहेत. आपल्या तळपायाची जी कमान असते, तिच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या पुढे हीच हाडे असतात. माणसात ती आडवी पसरली आहेत, घोड्यात उभी रचली आहेत, एवढाच फरक.

रोग कसा होतो?

झीज बहुधा खालच्या दोन सांध्यांत होते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. उडी, वळण, दगडी रस्ता, जड ओझे यांमुळे ती दाबली जाते, घासली जाते. घोड्याचे वय कोवळे असताना कामाला जुंपले, मागचे पाय कोयत्यासारखे वाकलेले असले किंवा दोन्ही हॉक आतल्या बाजूला जवळ आलेले असले, खूर वेळेवर साळले नाहीत, नाल चुकीची बसली, तर झीज लवकर होते. कूर्चा गेली की हाडावर हाड येते. शरीर त्या जागी नवे हाड तयार करू लागते आणि हॉकच्या आतल्या बाजूला खाली टणक उंचवटा दिसतो. जुने घोडेवाले याला 'हड्डा' म्हणतात.

लक्षणे हळूहळू येतात. सकाळी पागेतून काढताना घोडा ताठ चालतो, थोडे फिरवल्यावर मोकळा होतो. पुढे मागचा पाय पुरेसा उचलत नाही, खुराचे पुढचे टोक जमिनीला घासते आणि तिथे नाल झिजते. लहान वळणावर पाय आखडतो. दोन्ही पायांत रोग असेल तर लंगडणे स्पष्ट दिसतच नाही. घोडा नुसता 'आळशी झाला' असे वाटते आणि त्यावरून बिचारा मार खातो. आमच्याकडे येणाऱ्या गुडघेदुखीच्या आजीबाईही अशाच सांगतात: सकाळी उठताना पाय धरतात, चार पावले टाकली की सुटतात. रोगाची जात एकच आहे.

पशुवैद्यक तपासताना पाय साधारण दीड मिनिट दुमडून धरतात आणि लगेच घोड्याला दुडक्या चालीने पळवतात. दुखणे हॉकमध्ये असेल तर पहिल्या काही पावलांत लंगडणे वाढते. मात्र या चाचणीत वरचे सांधेही दुमडले जातात, म्हणून तेवढ्यावर निदान करत नाहीत. नेमक्या सांध्यात भूल देणारे औषध टोचून लंगडणे थांबते का ते पाहतात, आणि एक्स-रे काढतात.

आधी शस्त्रक्रिया नाही

माणसाप्रमाणेच घोड्यालाही पहिला उपाय चाकू नव्हे. कामाचा प्रकार बदलणे, वजन आटोक्यात ठेवणे, खूर नीट साळून खुराचे टोक सहज वळेल अशी नाल मारणे, रोज मऊ जमिनीवर बेताचे फिरवणे, पशुवैद्यकाने ठरवून दिलेले वेदनाशामक, आणि गरज पडल्यास सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन, असा क्रम असतो. अनेक घोडे एवढ्यावर वर्षानुवर्षे हलके काम करतात.

काही घोड्यांत निसर्ग स्वतःच उपाय करतो. झिजलेल्या दोन चकत्यांमध्ये नवे हाड भरत जाते, त्या एकजीव होतात आणि दुखणे थांबते. पण याला वर्षे लागतात, आणि पुष्कळदा हे काम अर्धवटच राहते.

आपल्याकडे अशा वेळी डाग देतात किंवा बिब्बा घालतात. तापलेल्या सळईने कातडी भाजल्याने आतल्या चकत्या जुळत नाहीत. घोड्याला बरे वाटते ते बहुधा डागानंतर दिलेल्या विश्रांतीमुळे. जखम, पू आणि धनुर्वाताचा धोका मात्र पदरी पडतो. धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो, हे घोडेवाल्यांनी विसरू नये.

शस्त्रक्रिया काय करते?

या सर्व उपायांनी गुण आला नाही आणि रोग खालच्या दोन सांध्यांपुरताच आहे याची खात्री झाली, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिला छोटा. हॉकच्या आतल्या बाजूने, नेमकी रोगाच्या जागेवरून, एक कंडरा तिरकी जाते. पाऊल उचलताना ती सुजलेल्या जागेवर ताणली जाते आणि दुखते, असा जुना समज. म्हणून घोडा उभा असतानाच, जागेवर भूल देऊन, तिचा छोटा तुकडा कापून काढतात. काही घोड्यांना आराम पडतो, पण सांध्यातली झीज तशीच राहते. त्यामुळे तज्ज्ञांमध्ये या शस्त्रक्रियेच्या उपयोगाबद्दल एकमत नाही.

दुसरा प्रकार मूळ कारणावर जातो. जो सांधा तसाही हलत नाही आणि नुसता दुखतो, तो कायमचा जखडून टाकायचा. १९७० साली अमेरिकेतील पशुशल्यचिकित्सक ओ. आर. अॅडम्स यांनी ड्रिलने ही शस्त्रक्रिया करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांनी सांध्यातील बरीचशी कूर्चा खरवडून काढली. पुढे असे लक्षात आले की फार खरवडले तर सांधा डळमळतो आणि घोड्याला महिनोन् महिने वेदना होतात. म्हणून नंतरच्या शल्यचिकित्सकांनी ते कमी केले. आता प्रत्येक सांध्यात आतल्या बाजूने, एक्स-रेवर पाहत, पंख्याच्या काड्यांसारखी साधारण तीन छिद्रे पाडतात. छिद्राच्या दोन्ही बाजूंचे हाड उघडे पडते, त्यातून रक्त येते, तिथे मोडलेले हाड जुळावे तसे नवे हाड तयार होते आणि दोन चकत्यांची एक चकती होते. घासणे संपले की वेदना संपते.

काही ठिकाणी लेसरने कूर्चा जाळतात. काही ठिकाणी सांध्यात अल्कोहोल टोचून ती नष्ट करतात. या दुसऱ्या उपायात एक मोठी खबरदारी लागते. खालचा सांधा काही घोड्यांत वरच्या सांध्याशी जोडलेला असतो. औषध वर गेले तर जो सांधा हलायलाच हवा तोच बिघडेल. म्हणून आधी एक्स-रेत दिसणारे औषध टोचून वाट बंद आहे ना, हे पाहतात.

वरच्या मोठ्या सांध्याचा संधिवात ही निराळी गोष्ट. त्यात हाडाचा किंवा कूर्चेचा तुकडा सुटला असेल तर दुर्बिणीने काढता येतो. पण तो सांधा जखडला तर घोडा पाय दुमडू शकणार नाही. कामाचा राहणार नाही. माणसासारखा कृत्रिम सांधा का बसवत नाहीत, असे कोणी विचारेल. तीनशे-चारशे किलोचे जनावर भुलीतून उठताच चारही पायांवर उभे राहते. त्याला खाटेवर झोपवून ठेवता येत नाही, कुबड्या देता येत नाहीत.

यश किती, धोका किती?

निरनिराळ्या शल्यचिकित्सकांनी दिलेले आकडे वेगवेगळे आहेत. ढोबळमानाने दहापैकी सहा ते आठ घोडे कामावर परततात. पण वेळ लागतो. सुरुवातीचे काही दिवस पागेत विश्रांती, मग हाताने धरून रोज थोडे चालवणे, काही महिन्यांनी हलके काम, आणि पूर्ण कामाला सहा महिने ते वर्ष. शस्त्रक्रियेनंतर पूर्ण बांधून ठेवणे चुकीचे, आणि लग्नाची तारीख आली म्हणून दुसऱ्याच महिन्यात सजवून उभे करणेही चुकीचे.

धोके म्हणजे जंतुसंसर्ग, रक्तवाहिनीला इजा, ड्रिल चुकून वरच्या सांध्यात जाणे, आणि हाड न जुळणे. त्यात पूर्ण भुलीचा धोका माणसापेक्षा घोड्याला बराच जास्त. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पोटशूळ नसलेल्या घोड्यांतही भुलीशी संबंधित मृत्यूचे प्रमाण शंभरात जवळपास एक आढळले. म्हणून आधी संपूर्ण तपासणी, धनुर्वाताचे संरक्षण आणि अनुभवी हात, या तिन्ही गोष्टी हव्यात.

आपल्या भागात उदगीर आणि परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात. लंगडणारा घोडा आधी तिथे दाखवावा. निदान पक्के करून घ्यावे, आणि शस्त्रक्रिया लागणारच असेल तर ती कुठे होईल, खर्च किती येईल, घोडा किती महिने बसून राहील, हे विचारून मगच ठरवावे. वयस्कर घोड्याला हलक्या कामावर ठेवणे किंवा कामातून मोकळे करणे हाही योग्य निर्णय असू शकतो. आजाराने किंवा व्यंगामुळे कामाला अयोग्य झालेल्या जनावराला कामाला लावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

"माणसाचं इंजेक्शन द्या की!"

काही वर्षांपूर्वी एक वरातीचे घोडेवाले माझ्याकडे आले. दुसऱ्या दिवशी लग्न होते, आणि घोडा मागच्या पायाने लंगडत होता. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माणसाला लागू पडतंय ते जनावराला का लागू पडणार नाही? डायक्लोफेनॅक लिहून द्या, चार-पाच एकदम मारतो." मी म्हणालो, "मामा, मला जनावराला औषध लिहायचा अधिकार नाही, आणि असता तरी हे लिहिलं नसतं." ते रागावले, कारण त्यांच्यासमोर उद्याची सुपारी होती. मग मी त्यांना बसवून तीन गोष्टी सांगितल्या. त्याच इथे देतो.

एक: वेदना ही पहारेकरी आहे. तिला गप्प करून झिजलेल्या सांध्यावर वरात नाचवली, तर एका रात्रीत महिन्यांची झीज होते. शिवाय दुखरा पाय नाचताना अचानक मुडपला तर पाठीवरचा नवरदेव, बरेचदा त्याच्यापुढे बसवलेले लहान मूल, आणि भोवतीचे वऱ्हाड यांच्या जिवाशी खेळ होतो.

दोन: वेदनाशामके घोड्याच्या जठराला, आतड्याला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात, माणसाला देतात तसाच. कोणते, किती आणि किती दिवस, हे पशुवैद्यकच ठरवू शकतो.

तीन: डायक्लोफेनॅक दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरतात. २००४ साली हे सिद्ध झाले. २००६ साली भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जातात हे दिसल्यावर २०१५ साली माणसांचे इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या एका डोसाच्या बाटलीपुरते मर्यादित झाले. २०२३ साली जनावरांसाठीच्या अॅसिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेनवरही बंदी आली. आपल्या भागातली गिधाडे कुठे गेली, असे विचारणाऱ्यांनी याचा विचार करावा.

त्या मामांनी दुसऱ्याचा घोडा भाड्याने आणून सुपारी पुरी केली. त्यात कमाई फारशी उरली नाही, पण घोडा वाचला.

बाजारात घोडा घेताना

माळेगावच्या बाजारात कर्ज काढून घोडा घेणारेही असतात. वेदनाशामक टोचलेला घोडा त्या दिवशी मोराप्रमाणे चालतो आणि घरी आणल्यावर चौथ्या दिवशी लंगडतो. म्हणून एवढे करावे. घोडा फिरवून तापवण्याआधी, सकाळी थंड असताना पाहावा. टणक जमिनीवर सरळ चालवून, मग दोन्ही बाजूंनी लहान गोलात वळवून पाहावा. मागच्या नाला उचलून टोकाची झीज पाहावी. दोन्ही हॉकची तुलना करावी, आतल्या बाजूला टणक उंचवटा आहे का ते पाहावे. मात्र मागे थेट उभे राहू नये, लाथेने बरगड्या मोडलेले रुग्ण दवाखान्यात येतात. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावा आणि पशुवैद्यकाकडून तपासून घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आपल्यासाठी धडा

आता घोड्यावरून आपल्या घराकडे येऊ. अपघातात घोटा मोडला, वर्षांनी त्यात संधिवात झाला, पाऊल टाकवेना, अशा रुग्णाला अस्थिरोगतज्ज्ञ कधी कधी सांगतात, "सांधा जखडून टाकू." हे ऐकताच नातेवाईक घाबरतात. पाय कायमचा ताठ म्हणजे माणूस लंगडा झाला, असे त्यांना वाटते. वास्तविक तो दुखरा सांधा आधीच धड हलत नसतो. तो एकजीव झाला की वेदना जाते, शेजारचे सांधे थोडे काम वाटून घेतात आणि माणूस शेतात चालू लागतो. तळपायाच्या कमानीतल्या सांध्यांचेही तसेच. घोड्यात ड्रिलने जी हाडे जुळवतात, तीच ही हाडे.

पण प्रत्येक सांधा जखडण्यासारखा नसतो. घोड्याच्या हॉकमधला वरचा सांधा जसा हलायलाच हवा, तसा आपला गुडघा. म्हणून फार झिजलेल्या गुडघ्याला जखडण्याऐवजी कृत्रिम सांधा बसवतात. २०१७ साली केंद्र सरकारने या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, त्यामुळे रुग्णांचा भार काही प्रमाणात कमी झाला. तिथेही क्रम तोच: आधी वजन, व्यायाम, पादत्राण, बेताचे औषध, शस्त्रक्रिया शेवटी. आणि दुकानातून स्वतः आणलेल्या वेदनाशामकांवर वर्षे काढणे तेवढेच घातक. त्यातून मूत्रपिंडे गमावलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

घोड्याचे आपल्यावर आणखी एक ऋण आहे. पावसाळ्यात शेतात साप चावतो, तेव्हा सरकारी दवाखान्यात जे सर्पविषावरचे औषध शिरेतून देतात, ते घोड्याच्या रक्तापासून बनते. घोड्याला विषाचे अल्प डोस देत जातात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात, आणि तीच आपला जीव वाचवतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने या कामासाठी पिंपरीला घोडे पाळले. ज्या प्राण्याच्या रक्ताने आपले शेतकरी वाचतात, त्याच्या दुखऱ्या पायावर चाबूक ओढण्याआधी क्षणभर थांबावे.

तुमच्याकडे घोडा असेल तर उद्या सकाळी, कामाला जुंपण्याआधी, त्याला वीस पावले सरळ चालवून पाहा. ताठ चालला, खूर घासला, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, किंवा पशुसंवर्धन खात्याच्या १९६२ या क्रमांकावर विचारा. घरात आई-वडील सकाळी उठताना भिंत धरत असतील, तर त्यांनाही डॉक्टरकडे दाखवा.